पुसायचं नाही, बाजूला ठेवायचं

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या घरी एक कपाट आहे आणि त्यात एकही धड वस्तू नाही. इस्त्रीची तुटकी वायर, बंद पडलेलं गजराचं घड्याळ, मिक्सरचं झाकण, छत्रीची एक काडी. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, आणि प्रत्येक पिशवीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: अमुक तारखेला बंद पडलं, कारण अजून कळलेलं नाही, टाकू नये. माझा साडू चष्म्याचं दुकान चालवतो. गरीब माणूस आहे. तो म्हणतो, "एक दिवस ही मलाही पिशवीत घालून चिठ्ठी बांधणार. कारण कळलेलं नाही, टाकू नये."

लग्नानंतर मी ते कपाट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला विचारलं होतं, "हे तुमच्या घराण्यात आणखी कुणाकुणाला आहे?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग विचार करते. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

ताईंना मी सव्वीस वर्षं ओळखतो. त्यातली बावीस वर्षं आम्ही एकाच ठिकाणी नोकरी करतो, शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्रात. मी नियंत्रण कक्षात ऑपरेटर. समोर पडदे, डावीकडे लाल दिवा, डोक्यावर घंटा. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, कोणता पंप चालवायचा, कोणता थांबवायचा, हे माझं काम. ताई मागच्या खोलीत नोंदी सांभाळतात. एकोणिसाव्या वर्षी त्या इथे लागल्या त्या पाळीची रजिस्टरं स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला. त्या एक्केचाळीस वर्षांच्या असताना रजिस्टरांची बरीचशी कामं मशीनवर गेली, आणि सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं की आता या बाई घरी बसणार. बाई घरी बसल्या नाहीत. निम्म्या वयाच्या मुलांबरोबर संगणकाच्या वर्गात जाऊन बसल्या आणि पहिल्या परीक्षेत चक्क नापास झाल्या. तो निकालाचा कागदही कपाटात आहे, मी पाहिलाय. चिठ्ठीवर लिहिलंय: कारण कळलं, घाई. दुसऱ्या खेपेला त्या वर्गात पहिल्या आल्या. त्याचा कागद मात्र कुठे आहे, त्यांनाही ठाऊक नाही.

त्यांचं काम काय, ते मला कळायला बरीच वर्षं लागली. केंद्रातलं प्रत्येक यंत्र सतत बोलत असतं. पंप सुरू झाला, झडप मिटली, घंटा वाजली, अमक्या टेबलावरून ती बंद केली. एकेक ओळ, वेळेसकट, सेकंदासकट. या ओळी गोळा करून मुख्यालयातल्या मोठ्या मशीनकडे पाठवणारी एक सेवा मागच्या खोलीत चोवीस तास चालते. मुख्यालयाचा रस्ता बंद असेल तर ती सेवा ओळी टाकून देत नाही, आपल्याच डिस्कवर एका फाईलमध्ये साठवते. त्या फाईलला बफर म्हणतात. रस्ता उघडला की आधीची ओळ आधी, नंतरची नंतर, अशा रांगेने सगळा माल पुढे जातो. ताई त्या सेवेची निगा राखतात. त्यांचा नियम एकच: काही पुसायचं नाही, बाजूला ठेवायचं. जे काही हलवतील ते वहीत लिहितात. केव्हा, कुठून, कुठे, कशासाठी.

आणि याच नियमाने त्यांनी मला बावीस वर्षं छळलं आहे. कारण मशीन आलं तरी पाळीचं एक रजिस्टर हाताने लिहायचं असतं आणि ते ताई तपासतात. माझं रजिस्टर हटकून परत येतं. त्या शुक्रवारी ते तिसऱ्यांदा परत आलं होतं. मी लिहिलं होतं, "साधारण बारा वाजता गाळणी धुतली." समासात लाल शाईने प्रश्न होता: "साधारण हे कुठल्या घड्याळात असतं?"

शनिवारी दुपारी हे प्रकरण माझ्या डोक्यात घुसलेलं होतं.

त्या दिवशी काय झालं ते आधी सगळ्यांना माहीत होतं तेवढंच सांगतो. बाराच्या सुमाराला (हो, साधारण) क्लोरीन सोडणारा पंप बेताल झाला आणि पाण्यात हवं त्याच्या कितीतरी पट क्लोरीन जायला लागलं. मी संगणकावरून डोस कमी केला, पंप ऐकेना. शेवटी धावत खाली गेलो आणि हाताने झडप बंद केली. तोवर व्हायचं ते झालं होतं. अर्ध्या शहराचे डोळे चुरचुरले. फोन घणघणायला लागले. डायलिसिस केंद्राने नळाचं पाणी तोडलं आणि रुग्णांना दोन तास ताटकळत ठेवलं. कुणाला इजा झाली नाही, पण तसं पाणी त्या यंत्रात गेलं असतं तर रुग्णांच्या जिवावर बेतलं असतं.

सोमवारी सकाळी मुख्यालयातून चौकशी अधिकारी आले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, पेन टेबलाला समांतर ठेवणारे. त्यांनी विचारलं, "घंटा वाजल्यावर तुम्ही किती वेळात ती बंद केलीत?"

"त्याच क्षणी," मी म्हणालो. "साहेब, मी खुर्चीतून हललोसुद्धा नव्हतो."

त्यांनी ते शब्द न शब्द लिहून घेतले. मग शांतपणे म्हणाले, "अडचण अशी आहे की आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांपासून शनिवारी दुपारी दोन वीसपर्यंत तुमच्या केंद्राची एकही नोंद नाही. घंटा वाजल्याची नाही, तुम्ही ती बंद केल्याची नाही, डोस कमी केल्याची नाही."

शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी रस्ता खोदताना मुख्यालयाला जाणारी केबल तोडली होती, हे आम्हाला माहीत होतं. रविवारी ती जोडली गेली आणि साठलेल्या ओळी धडाधड गेल्या, हेही माहीत होतं. पण त्या गेल्या शनिवारी दोन वीसनंतरच्या. आधीच्या एकवीस तासांचा पत्ता नव्हता. माझ्या पडद्यावर मागचे सहा तासच दिसतात, ते केव्हाच पुसले गेले होते.

"आणि नोंदी सांभाळणाऱ्या बाई तुमच्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"थोरली मेहुणी."

त्यांनी पेन पुन्हा टेबलाला समांतर ठेवलं. गणित सोपं होतं. मेहुणा चुकतो, मेहुणी नोंदी सांभाळते आणि नेमक्या त्याच नोंदी गायब होतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो. बाहेर येताना मला स्वच्छ दिसत होतं की नोंदी सापडल्या नाहीत तर माझी नोकरी जाणार, आणि ताईंच्या अडतीस वर्षांच्या नावालाही काळं लागणार.

नोंदी शोधायला साहेबांनी सोबत एक तज्ज्ञ आणले होते. आमच्याकडे त्यांचं नाव रीस्टार्टराव. कुठलाही बिघाड सांगा, ते म्हणणार, "बंद करून चालू करा." दहातले आठ बिघाड त्याने जातातही, म्हणून माणूस मोठ्या आत्मविश्वासाने फिरतो. मी मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. साहेब आतल्या एकुलत्या एका पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. ताई आपल्या जागेवर, वही उजव्या हाताला.

पडद्यावर पिवळी सूचना होती: डिस्क शहाण्णव टक्के भरली.

"हे पाहा," रीस्टार्टराव म्हणाले, "डिस्क भरली की सेवा गुदमरते. ही जुनी बफर फाईल बघा केवढी आहे, साडेपाच जीबी. सेवा हिला हातसुद्धा लावत नाहीये. ही उडवा, सेवा बंद करून चालू करा, सुरळीत चालेल."

"हिच्यात काय आहे?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. या फाईली एकदा फुगल्या की आतला माल पुढे गेला तरी फुगलेल्याच राहतात. मोठी दिसते म्हणून भरलेली असं नसतं बाई."

"ते बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "डबा मोठा म्हणजे भरलेला असं नाही. पण झाकण न उघडता रिकामा तरी कसा म्हणायचा?"

रीस्टार्टराव हसले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाचं हसू असतं, तसं. ताईंचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. त्या फाईलसमोरची वेळ बघत होत्या. शेवटचा बदल: शनिवार, दोन वीस. मी त्यांचा चेहरा बाजूने बघत होतो, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो पांढरा पडलेला पाहिला. त्यांनी वही ओढली, दोन पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. लिहून घ्या."

मला वाटलं या बाईंना वेड लागलं. नोंदी सापडायच्या आधीच कबुली!

त्यांनी वहीतलं वाचून दाखवलं. मुख्यालयाने आपल्या मोठ्या मशीनचं नाव बदललं होतं, तसं पत्र आठवडाभर आधी आलं होतं. शनिवारी केबल तुटलेलीच होती, म्हणून ताईंनी विचार केला, रस्ता बंद आहे तोवर पत्ता बदलून घेऊ. दोन वीसला त्यांनी सेवेत जुन्या नावाच्या जागी नवं नाव टाकलं आणि सेवा बंद करून चालू केली.

"सेवेजवळ एक टिपण असतं," त्या साहेबांना समजावत होत्या, "कुणाचा माल कुठल्या फाईलमध्ये आहे याचं. ते पत्त्याच्या नावाने असतं. मी नाव बदललं, तिला वाटलं हे कुणीतरी नवीन गिऱ्हाईक. तिने नवी फाईल उघडली. जुन्या नावाचा माल जुन्या फाईलमध्ये तसाच राहिला आणि त्याला विचारणारं कुणी उरलं नाही. नाव बदलण्याआधी जुनी फाईल रिकामी आहे की नाही ते मी बघायला हवं होतं. नाही बघितलं. घाई केली."

"म्हणजे नोंदी या फाईलमध्ये आहेत?" साहेबांनी विचारलं.

"असाव्यात. उघडल्यावर सांगते."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच. सबंध मुख्यालय ज्या नोंदी शोधत होतं त्या समोरच पडल्या होत्या, आणि त्या उडवून टाकायचा सल्ला देऊन झाला होता. रीस्टार्टरावांचा चेहरा जरा उतरला, पण गडी सावरला. म्हणाले, "मग नुसतं जुनं नाव परत टाका आणि बंद करून चालू करा!"

"आणि डिस्क शहाण्णव टक्के भरलेली असताना मध्येच काही बिनसलं तर? एकच फाईल आहे. आधी प्रत काढू. मूळ फाईलीला हात लावायचा नाही."

प्रत काढायचं काम रीस्टार्टरावांनी अंगावर घेतलं. काहीतरी करून दाखवण्याची त्यांना गरजही होती. खिशातून पेन ड्राइव्ह काढला, लावला, आज्ञा दिली. मी दाराच्या चौकटीला टेकून पडद्यावरची रेघ पुढे सरकताना बघत होतो. माझं सगळं आयुष्य त्या रेघेत होतं म्हटलं तरी चालेल. घरी मुलगी बारावीला, बायकोने सकाळपासून चार वेळा फोन केलेला, आणि मी काय सांगणार होतो तिला?

"झाली प्रत," रीस्टार्टराव म्हणाले. "आता मूळ उडवतो म्हणजे डिस्क मोकळी होईल." आणि त्यांची बोटं कळफलकावर गेली.

"थांबा."

ताई मोठ्याने ओरडल्या नाहीत. त्यांना ओरडता येतच नाही. पण त्यांनी हात लांब करून कळफलक सरळ आपल्या मांडीवर घेतला. "आधी मोजू," त्या म्हणाल्या.

मूळ फाईल साडेपाच जीबी. प्रत बरोब्बर चार जीबीपाशी संपलेली. पेन ड्राइव्ह जुन्या धाटणीने तयार केलेला होता, त्याच्यावर चार जीबीहून मोठी एक फाईल मावतच नाही. तशी सूचना पडद्यावर येऊन गेली होती, पण राव तेव्हा साहेबांना आपल्या मागच्या कामगिऱ्या सांगत होते. तुटला होता तो फाईलचा शेवटचा भाग, म्हणजे शनिवार. आणखी दोन बोटं पडली असती तर शनिवार कायमचा गेला असता आणि त्याच्याबरोबर मी.

मला इतका संताप आला की मी तिथेच त्या माणसाची गचांडी धरली असती. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, सगळ्यांना चहा सांगा. साखर वेगळी." मी निमूट गेलो.

परत आलो तेव्हा त्यांनी पलीकडच्या मशीनवर जागा करून तिकडे प्रत काढायला घेतली होती. इकडच्या डिस्कवर जागा अडवून बसल्या होत्या त्या एका जुन्या सॉफ्टवेअरच्या चार सारख्या प्रती. त्या रीस्टार्टरावांनीच मागे कधीतरी ठेवलेल्या निघाल्या. ताईंनी त्याही पुसल्या नाहीत. तिकडे हलवल्या, वहीत लिहिलं आणि त्यांच्याकडून शेजारी सही घेतली. प्रत पूर्ण झाल्यावर आधी दोन्ही फाईलींचं वजन जुळवलं. मग दोन्हींचा ठसा काढला. म्हणजे मशीन सगळी फाईल वाचून तिचा एक लांबलचक आकडा-अक्षरांचा ठसा बनवतं, आत एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ठसा बदलतो. एक ठसा ताई वाचत होत्या, दुसऱ्यावर साहेब बोट फिरवत होते. चौसष्ट अक्षरं. "सात," "सात." "एफ," "एफ." देवळात आरतीला उभा राहत नाही इतक्या भक्तीने मी त्या अक्षरांसमोर हात जोडून उभा होतो.

सगळी जुळली. मग त्यांनी प्रत उघडली. सेवेबरोबर तसं एक हत्यार येतं, बफरचं झाकण उघडून आतलं नुसतं वाचणारं. पडद्यावर आधी एक आकडा आला: पुढे न गेलेल्या ओळी, तीन कोटींच्या वर. आणि मग ओळी धो धो वाहायला लागल्या. शुक्रवार, पाच चार. शुक्रवार, पाच पाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही.

"साडेअकरा ते एक, क्लोरीनचा पंप, घंटा आणि टेबल क्रमांक एक एवढंच छापते," ताई म्हणाल्या. "साहेब, तुम्ही जेवून या. दोन वाजता बसू."

साहेब आणि राव गेले. छपाईयंत्राने सात पानं बाहेर टाकली. ताईंनी ती वाचली, सगळी, पहिल्या ओळीपासून. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या, पेन्सिलने दोन ओळींना बारीक खुणा केल्या आणि पानं माझ्यासमोर सरकवली.

मी आधी खालच्या ओळी बघितल्या. मला हव्या होत्या त्या तिथे होत्या. माझ्या टेबलावरून डोस कमी करण्याची आज्ञा, एकदा, दोनदा, तीनदा. पंपाचं उत्तर प्रत्येक वेळी "मिळाली," आणि मीटर तरी चढतच गेलेलं. शेवटी हाताने झडप बंद. पंपाचा मेंदूच सडलेला होता, हे कुणीही सांगितलं असतं. मी सुटलो होतो!

"वरचं वाचा," ताई म्हणाल्या.

बारा वाजून सात मिनिटं चाळीस सेकंद: घंटा सुरू. बारा वाजून अकरा मिनिटं बावन्न सेकंद: घंटा बंद केली, टेबल क्रमांक एक. त्या दोन ओळींच्या मध्ये माझ्या टेबलाची एकही ओळ नव्हती.

चार मिनिटं बारा सेकंद. आणि मी साहेबांना सांगून बसलो होतो की खुर्चीतून हललो नाही.

"हे त्या वेळचं घड्याळ मागेपुढे असेल," मी म्हणालो.

ताईंनी चष्मा काढला.

"किंवा घंटा बंद केली आणि नोंद उशिरा पडली असेल."

त्यांनी चष्मा पुसला.

"ताई, ही सातच पानं आहेत," मी आवाज खाली आणून म्हणालो. मला आज हे लिहितानाही लाज वाटते. "सहा दिली तर काय होणार आहे? पंप बिघडला होता हे तर खरंच आहे ना. या चार मिनिटांनी त्यात काय फरक पडतो?"

"डायलिसिसवाल्यांना चार मिनिटं आधी कळलं असतं," त्या म्हणाल्या. जराही चढा आवाज नाही. "पानं सातच्या सात जातील. फाईलही जाईल. साहेबांनी ठसा स्वतः जुळवलाय. पण दोन वाजायला चाळीस मिनिटं आहेत. तिसरं पान मी वाचून दाखवायचं का तुम्ही बोलायचं, तेवढं तुम्ही ठरवा, जावईबापू."

आणि त्या डबा घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. पानं टेबलावरच ठेवून. मी एकटा, तिसरं पान समोर, कागद कापायचं यंत्र दोन पावलांवर. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि बाई डबा खातायत! मग हळूहळू दुसरं कळलं. ज्या बाईंनी सकाळी स्वतःची चूक सगळ्यांसमोर, कुणी विचारायच्या आधी सांगितली, त्या माझ्यासाठी चाळीस मिनिटं मोकळी सोडून गेल्या होत्या. पानं त्या साहेबांसमोरच वाचू शकल्या असत्या. तसं केलं नव्हतं.

दोन वाजता मी साहेबांना म्हणालो, "माझा सकाळचा जबाब दुरुस्त करायचाय. मी खुर्चीवर नव्हतो. मागच्या जिन्यावर फोनवर बोलत होतो. जिन्याचं दार लोटलेलं होतं, ते उघडेपर्यंत घंटा ऐकू आली नाही. चार मिनिटं बारा सेकंद."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, सकाळची ओळ खोडली, शेजारी माझी सही घेतली. मग ताईंकडे वळून म्हणाले, "आणखी काही?"

"नाही," ताई म्हणाल्या. "नोंदीत आहे तेच त्यांनी सांगितलं."

नोकरी राहिली. पंपाचा नियंत्रक बदलला आणि जुना तपासायला गेला. मला जागा सोडल्याबद्दल आणि खोटं सांगितल्याबद्दल ताकीद मिळाली, ताईंना नाव बदलताना जुनी फाईल न तपासल्याबद्दल. रीस्टार्टरावांना काही मिळालं नाही, पण त्यांच्याजवळ आता नव्या धाटणीचा पेन ड्राइव्ह असतो आणि ते प्रत काढल्यावर मोजतात. मी स्वतः पाहिलंय. जिन्याच्या दाराशी आता दुसरी घंटा आहे. ती मी मागून घेतली.

त्याच संध्याकाळी फाटकापाशी मी ताईंना गाठलं. "एक विचारू? मी खोटं बोलतोय हे तुम्हाला पानं बघूनच कळलं ना?"

"छे," ताई म्हणाल्या. "शनिवारीच माहीत होतं. तुम्ही फोनवर कुणाशी बोलत होतात?"

माझ्या डोक्यात एकदम लखकन प्रकाश पडला. मी बोलत होतो माझ्या बायकोशी. म्हणजे ताईंच्या धाकट्या बहिणीशी!

"धाकटीचा लगेच मला फोन आला," ताई म्हणाल्या. "हे तुझ्यावर भडकलेत म्हणाली, रजिस्टर परत केलंस म्हणून. मध्येच घंटा घंटा करून फोन टाकून पळाले म्हणाली. आणि काय म्हणालात तेही सांगितलं तिने. 'तुझी बहीण म्हणजे घड्याळाला चिकटलेली गोचीड आहे.'"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे सकाळी मी ताठ मानेने "हललो नाही" म्हणालो तेव्हाही या बाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी ती फाईल सोडली नाही. माझा पंपही खरा ठरवला आणि माझी चार मिनिटंही.

"ताई, मी..."

"गोचीड," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की फाटकावरचा पहारेकरी बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी शनिवारच्या पानावर स्वतः लिहिलं: १२:०७:४० ते १२:११:५२, जागेवर नव्हतो. ताईंनी वाचलं, लाल पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि निळ्या पेनाने सही केली. पहिल्याच फेरीत सही झालेलं माझं ते बावीस वर्षांतलं पहिलं पान.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. हात धुवून येताना ते कपाट उघडं दिसलं. वरच्या कप्प्यात एक नवी पिशवी होती. आत त्यांचं ताकीदपत्र, माझ्या ताकीदपत्राची प्रत आणि तिसरं पान. साडू मागे येऊन उभा राहिला, म्हणाला, "झालं, माझ्याआधी तुझा नंबर लागला." मी चिठ्ठी उलटून वाचली. ताईंचं स्वच्छ अक्षर: "शनिवार. कारण कळलं. एकीने न बघता नाव बदललं, एक जण खुर्चीवरून उठला. दोघांनी सांगितलं. टाकू नये."

माझे डोळे चुरचुरले. त्या दिवशी पाण्यात क्लोरीन अगदी बेतात होतं, दुपारी तीन वाजून सोळा मिनिटांनी मी स्वतः मोजलं होतं.